तांबूर उतरवलेलं घर

सोमवारी सकाळी कचेरीचं काचेचं दार ढकलून आन्सेल्म विन्यो आत आला आणि समोर स्वतःच्याच घराचं दार बघून जागच्या जागी थबकला. नुसतं दार नव्हे, अख्खा तांबूर. घराच्या पुढच्या दाराला वाऱ्याचा मार बसू नये म्हणून बाहेरून जोडतात ती लाकडी खोली, कपाटाहून जरा मोठी, माणूस उभ्या उभ्या बर्फाचे बूट काढेल एवढी. तिचं दार कधी समोर नसतं, कुशीला असतं. आत यायचं तर आधी कुशीने शिरायचं आणि मग घराकडे वळायचं. वारा बापडा सरळ चालीचा, त्याला वळणं जमत नाही, तो बाहेरच आपटतो. असे तांबूर बेटावर दारोदार आहेत. पण हा हिरवा रंग, पोपडा उडालाय तिथे खालून डोकावणारा जुना निळा, कडीखाली बापाने ठोकलेला घोड्याचा नाल, उंबऱ्याच्या फळीला पडलेली बुटांची खळगी, हे दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं. बोटीने जावं लागतं त्या मिक्लों गावाच्या अगदी शेवटच्या गल्लीतल्या, समुद्राकडून पहिल्या घराचा हा तांबूर. आईच्या घराचा. तो इथे सां-पिएर शहरात, सरकारी कचेरीच्या चकचकीत फरशीवर, चारी बाजूंनी मोकळा उभा होता. मागे घर नव्हतं. आत शिरून वळलं की पलीकडे कॉफीचं यंत्र होतं.

मादाम रूव्हिएर लगबगीने पुढे आल्या. या बाई दोन वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या लिओंहून आलेल्या, हौशी, मनाने चांगल्या, इथल्या प्रत्येक जुन्या फळीला हात लावून हळहळणाऱ्या. मिक्लों गाव समुद्र गिळणार म्हणून सरकार ते उचलून वर टेकडीवर वसवत होतं, आणि जुन्या गावाच्या आठवणी जपायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी आन्सेल्मचे दोन्ही हात हातात घेतले. तुमच्या आईंनी आपणहून फोन केला, त्या सांगत होत्या, म्हणाल्या तांबूर देते, येऊन घेऊन जा. शनिवारच्या बोटीने आमची माणसं गेली आणि घेऊन आली. शुक्रवारी बेटांचा सरकारी कारभार बघणाऱ्या प्रीफे साहेबांच्या हस्ते प्रदर्शनाचं उद्घाटन, साहेब या दारातूनच आत येतील. त्यांना पत्ता नव्हता की आन्सेल्मला यातलं काही ठाऊक नाही. तेवढ्यात कचेरीचा मोठा साहेबही आला, त्याने खांद्यावर थाप मारली. बरोबरच होतं. वर टेकडीवर नवी घरं बांधून तयार होती, निम्मं गाव गेलं होतं, उरलेलं निम्मं घट्ट बसलं होतं, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगे, लेओंतीन विन्यो उठली की आम्ही उठू. सरकारची माणसं आन्सेल्मच्या या म्हाताऱ्या आईपुढे बसून बसून थकली होती. आता तिने घराचं दारच उचलून सरकारच्या हाती दिलं. सुंठीवाचून खोकला गेला. सगळी कचेरी आन्सेल्मकडे कौतुकाने बघत होती, आणि आन्सेल्म हसत होता, कारण हसण्यापलीकडे चेहऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं. पण आत कुठेतरी, बरगड्यांच्या खाली, चर्र झालं होतं. ते काय हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. कळलं होतं, आणि त्याने ते तिथेच दाबून टाकलं, जसं आपण वाजणाऱ्या फोनवर उशी ठेवतो.

दुपारी त्याने आईला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला. आवाज नेहमीचा, जरा लांबून आल्यासारखा. जेवलास का, तिने विचारलं. जेवलो. काय जेवलास. त्याने सांगितलं. तिने नाक मुरडलेलं त्याला फोनमधून ऐकू आलं. मग ती बोलत राहिली, या वर्षी पाणथळीत रानबेरी कमी धरली, मुरंबा थोडाच झाला. शेजारच्या फिर्मांच्या कुत्रीने पिल्लं घातली, सगळी बापासारखी कुरूप. वरच्या नव्या गावातल्या घरांना सारख्या खिडक्या, आपलं कोणतं हे कळायला दारू उतरावी लागते म्हणे. तो हसला. तांबूर पाहिला, तो म्हणाला. पाहिलास ना, ती म्हणाली. आणि थांबली. त्या थांबण्यात काहीतरी विचारायला जागा होती, चांगली ऐसपैस जागा होती, पण तो म्हणाला, छान दिसतो. ती म्हणाली, हो का. मग दोघांनी वाऱ्याविषयी बोलून फोन ठेवला. बहिणीला, ओदिलला, त्याने लगेच फोन केला. ओदिल वर नव्या गावात राहायला गेली होती, आईच्या हट्टापायी लोकांत मान खाली घालून. ती खूश होती. आई शहाणी झाली बाई एकदाची, ती म्हणाली, पोटाचं ते जुनं दुखणं आहे, पण बाकी ठीक; या रविवारी तिची खोली लावायला घेते. त्याने विचारलं, तांबूर या वर्षी लावलाच नव्हता का. लावला होता की, ओदिल म्हणाली, नेहमीसारखा, फिर्मांकाकांनीच लावला. मग आठ दिवसांत उतरवायला लावला त्यांनाच. म्हातारीच्या मनाचा काय भरवसा. आणि आन्सेल्म म्हणाला, खरंच, म्हातारीच्या मनाचा काय भरवसा. स्वतःचा आवाज त्याला त्या वेळी कचेरीतल्या आवाजासारखा वाटला.

तांबूर लागतो सर्व संतांच्या सणाला, पहिल्या नोव्हेंबरच्या आगेमागे, आणि उतरतो मे महिन्यात. शहरात आता तसं कुणी करत नाही, तांबूर कायमचे खिळून टाकलेत, त्यात सायकली ठेवतात. पण मिक्लोंच्या खालच्या गल्लीत अजून करत. बाप असताना तो दिवस मोठा असे. परसातल्या छपराखालून तांबूर ओढून काढायचा, उन्हाळाभर आत झोपलेल्या मांजरांना हाकलायचं, मग बाप एका बाजूला, फिर्मां दुसऱ्या बाजूला, आन्सेल्म मध्ये, काहीही न उचलता नुसता हुश्श हुश्श करत. डांबराचा वास, ओल्या लाकडाचा वास, बापाच्या लोकरी हातमोज्यांना येणारा कॉड माशाचा कायमचा वास. मळसूत्रं आईच्या बिस्किटाच्या डब्यात असत. ती डबा धरून उभी राही आणि एकेक मोजून देई, जशी काही सोन्याची आहेत. शेवटचं मळसूत्र आवळलं की बाप दार गुडघ्याने जरा उचलून ढकली, कारण ते पहिल्यापासून खाली बसलेलं, गुडघा दिल्याशिवाय उघडतच नसे, आणि आत जाऊन आतून ओरडे, घर झोपलं रे. म्हणजे हिवाळा सुरू. त्या क्षणी खरोखर घराचा आवाज बदलायचा. समुद्र एकदम दूर जायचा, जणू कुणी दुसऱ्या खोलीत बोलतंय. आन्सेल्मला वाटायचं समुद्राला थांबवायला एवढी एक लाकडी पेटी पुरे आहे. पुढे फ्रान्सला, रेनला जाऊन तो जमीनमोजणीचं शास्त्र शिकला आणि त्याला कळलं की नाही पुरत.

कारण रेघ त्यानेच मारली होती. गावात कोण हे विसरलं नव्हतं. पाणी इथवर येणार, याच्या खाली घर दुरुस्त करायची परवानगी नाही, बांधायची तर नाहीच नाही, ती नकाशातली लाल रेघ. दोन उन्हाळे तो मोजणीची तिपाई खांद्यावर टाकून स्वतःच्या गावातून हिंडला होता, ज्यांच्या अंगणात खेळला त्यांच्या अंगणांची उंची घेत. रेघ काही त्याच्या मनाने वळली नाही, जमीन जिथे खाली होती तिथून गेली. पण गेली ती सबंध गावावरून, आणि आईच्या घराच्या तर इतकी वर की घर तिच्या पायाशी लोळतंय असं दिसे. चार वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या सभागृहात सभा भरली, पॅरिसहून माणसं आली, पडद्यावर नकाशा लागला, आणि मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, आईच्या कमरेवरून रेघ ओढलीस रे, विन्योच्या पोरा. लोक हसले, मग हसायचे थांबले. आई तिसऱ्या रांगेत बसली होती, मांडीवर विणकाम. तिने वर पाहिलं नाही, सुयाही थांबवल्या नाहीत. सभेनंतर तिने त्याला जेवायला वाढलं, खारवलेल्या कॉडचा बटाटे घालून केलेला रस्सा, दुसऱ्यांदाही वाढलं, आणि रेघेविषयी चकार शब्द काढला नाही, तेव्हाही नाही, पुढेही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून तो गावी जाई तो सकाळच्या बोटीने, संध्याकाळच्या बोटीने परत, पाहुण्यासारखा. मागच्या वर्षी तेही राहिलं. काम होतं. समुद्रही खवळलेला असे. इथे राहणाऱ्याला समुद्र हे कारण कायम हाताशी असतं, आणि ते कधी खोटं नसतं.

मंगळवारी तो कचेरीत मागच्या दाराने गेला. तरी वरच्या जिन्यावरून तांबूर दिसत होताच. येणारा-जाणारा मजेने मागच्या मोकळ्या बाजूने आत डोकावत होता, वाकून, हसून, काहीजण दार नुसतंच हलवून बघत आणि ते न उघडल्यावर बाजूने जात. आन्सेल्म टेबलाशी बसून राहिला आणि स्वतःशी वाद घालत राहिला, आणि वादात दोन्ही बाजूंनी तोच जिंकत होता. आई थकली. साहजिक आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, एकटी, दारात समुद्र. ओदिलला सारखं खाली उतरावं लागतं, आईला तिची दया आली असेल. किंवा आईला उशिरा का होईना पटलं असेल की रेघ बरोबर होती. इथे तो जरा थांबला. कारण इथे त्याला बरं वाटलं होतं, अगदी लहान मुलाला शाबासकी मिळावी तसं बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटली. चार वर्षं तो हेच एक वाक्य ऐकायला तिष्ठत होता, आणि आता तिने ते बोलून नव्हे, दार पाठवून सांगितलं, असं धरून चालायला काय हरकत होती? सगळे तेच धरून चालले होते. मोठा साहेब, मादाम, ओदिल, सगळं गाव. आपणच काय ते उलटं धरायचं? संध्याकाळी तो धक्क्यावरून घरी गेला. धुकं शहरात उतरलं होतं, रंगीत घरं धुतल्यासारखी फिकी झाली होती, उद्याच्या मिक्लोंच्या बोटीची वेळ फळ्यावर लिहिलेली होती. त्याने ती वाचली. दुसऱ्या दिवशी बोट गेली तेव्हा तो कचेरीत होता आणि खिडकीतून तिच्याकडे पाठ करून बसला होता.

पण बरगड्यांखालचं ते काही केल्या बसेना. बुधवारी दुपारी, कागदांवर नजर असताना, त्याला एकदम उकळत्या पाण्याचा वास आला. पाण्याला वास नसतो म्हणतात, पण गोठलेल्या लोखंडावर ओतलेल्या पाण्याला असतो. फेब्रुवारी होता तो. बाप फुप्फुसाच्या दुखण्याने गेला, घरातच, पलंगावर. इथले इतके लोक समुद्रात गेले आणि याला मेला खोकला पुरला, असं आई नंतर म्हणे. आन्सेल्म रेनहून निघाला, पण कॅनडात हॅलिफॅक्सला विमान वादळात अडकलं आणि तो पोचला तेव्हा बापाला पुढच्या खोलीत निजवून झालं होतं, अंगात लग्नातला कोट. आणि दारात माणसं तांबूर उतरवत होती. मिक्लोंच्या खालच्या गल्लीत हिवाळ्यात कुणी गेलं की शेजारी सगळ्यात आधी हे करतात, प्रार्थनेच्याही आधी. कारण तांबूर वळणाचा. जिवंत माणूस त्यातून वळतो, शवपेटी वळत नाही. मळसूत्रं गोठलेली होती, त्यांच्यावर किटल्याच्या किटल्या ओतत होते, फिर्मां पहार लावून जोर करत होता आणि रडत होता, आणि तांबूर घरापासून सुटला तेव्हा असा आवाज झाला की आतल्या बायका दचकून उभ्या राहिल्या. मग वारा आत आला. थेट आला, पुढच्या खोलीतून बापाच्या अंगावरून चुलीपर्यंत. घर एवढं गार झालेलं आन्सेल्मने कधी पाहिलं नव्हतं. आई बिस्किटाचा डबा धरून उभी होती. एक दोन हरवू नका रे, ती म्हणाली, हिवाळा अजून बराच उरलाय. बापाला पोचवून आल्यावर त्याच संध्याकाळी तांबूर परत लावला होता. तेव्हापासून त्या गल्लीत नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये कुणाच्या घराला तांबूर दिसला नाही, की बघणारा टोपी काढतो. कुणाला विचारायची गरज नसते, आत कोण गेलं एवढंच विचारतात.

मादाम रूव्हिएर तेवढ्यात त्याच्या टेबलाशी आल्या. हातात तांबूरशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर होता, शुक्रवारच्या आधी त्याने नजर घालावी म्हणून. उन्हाळ्यात उतरवतात, हिवाळ्यात लावतात, सगळं नीट लिहिलं होतं. मग त्या जरा घुटमळल्या. आमची माणसं हत्यारं घेऊन गेली होती, त्या म्हणाल्या, त्यांना वाटलं नोव्हेंबर आहे, घट्ट बसवलेला असेल, मेहनत पडेल. तर आधीच उतरवून भिंतीला टेकवून ठेवला होता. आणि त्यांनी अगदी निष्पापपणे, पेन हातात धरून विचारलं, “तुमच्याकडे हिवाळ्यातही उतरवतात का हो कधी?”

“कधीकधी,” आन्सेल्म म्हणाला.

तो उठला आणि कोट घेऊन बाहेर पडला. त्या दिवशीची बोट गेलेली होती. ती गेलेली आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी तो धक्क्यावर जाऊन उभा राहिला आणि रिकाम्या पाण्याकडे बघत राहिला, वेड्यासारखा.

गुरुवारी बोट सुटेल की नाही अशी अवस्था होती, पण सुटली. खोलीत सात-आठ माणसं, सगळी ओळखीची, सगळ्यांनी मान हलवली आणि कुणीच जवळ बसलं नाही. लाटांबरोबर भिंतीवर टांगलेले कोट एका बाजूला जायचे, परत यायचे. आन्सेल्म नुसता बसून होता आणि मनात हिशेब करत होता, सोमवारी निघालो असतो तर, मंगळवारी निघालो असतो तर. आणि मध्येच स्वतःला समजावत होता, फोनवर बोलली की, मुरंब्याविषयी बोलली, कुत्रीच्या पिल्लांविषयी बोलली, मरणारं माणूस पिल्लांविषयी बोलतं का. मग त्याला आठवलं की बाप शेवटच्या फोनवर त्याला दोऱ्या कशा गुंडाळाव्यात ते सांगत होता. मिक्लोंचं टोक धुक्यातून वर आलं, काळं, बुटकं, आणि त्याच्या अलीकडे गाव, इतकं सपाट की पाण्यावरच ठेवल्यासारखं. वर टेकडीवर नव्या घरांच्या सारख्या खिडक्या. त्याने दोन उन्हाळे मोजलेली ती उंची त्याला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसली, आणि ती फारच थोडी होती.

धक्क्यावर फिर्मां उभा होता, आपल्या गंजलेल्या गाडीला टेकून. म्हातारा आता वाकला होता, पण गुडघ्यात, पाठीत नाही. त्याने गाडीचं दार उघडून दिलं. कुत्रीचा वास होता. गाडी सुरू करताना तो म्हणाला, आहे अजून. आन्सेल्मने डोळे मिटले. फिर्मांने हळूहळू सांगितलं, जसं त्याचं बोलणं, दर वाक्याला एकदा काच पुसत. उन्हाळ्यातच डॉक्टरने सांगितलं होतं, पोटातलं पसरलंय, विमानाने फ्रान्सला जा, तिकडे उपचार होतील. लेओंतीन म्हणाली, तिकडे जाऊन मी पेटीतून परत येऊ? इथेच पेटी बघू. ओदिलला जुनंच दुखणं म्हणून सांगितलं, नाहीतर उचलून वर नेली असती. गेले चार दिवस मात्र तिला उठवत नाही. सोमवारचा तुझा फोन घ्यायला ती खाटेवरून भिंत धरत गेली, तू फोन ठेवलास तेव्हा मी तिथेच होतो, मीच परत निजवली. आणि तांबूर? आन्सेल्मने विचारलं. फिर्मांने पुन्हा एकदा काच पुसली.

“तिने सांगितलं, उतरव. म्हटलं बाई, तू जिती आहेस अजून. तर म्हणते, मेल्यावर आन्सेल्मला कळून काय उपयोग? सरकारकडे पाठव, तो रोज तिथनंच जातो. बाकी कुणाला कळणार नाही, त्याला कळेल.”

गल्लीतली घरं अर्धी रिकामी होती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. शेवटच्या घराच्या तोंडावर तांबूर होता तिथला चौकोन फिकट दिसत होता, पट्टी काढलेल्या कातडीसारखा. अंगणात त्यानेच ठोकलेली मोजणीची लोखंडी खुंटी होती, लाल टोपीची. आईने तिला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती, आणि दोरीवर फिर्मांचा असावा असा एक मोजा फडफडत होता. आन्सेल्मने घराचं दार उघडलं आणि सवयीने कुशीला वळायला गेला. वळायला काही नव्हतं. तो सरळ आईसमोर येऊन उभा राहिला, कारण तिची खाट पुढच्या खोलीत आणली होती, बापाला निजवलं होतं तिथेच, पाय दाराकडे.

ती इतकीशी झाली होती. पांघरुणाखाली कुणी आहे हे चेहरा होता म्हणून कळत होतं. तिने त्याला नखशिखांत पाहिलं, बुटांपर्यंत, बूट ओले होते.

“मला वाटलं सोमवारीच येशील,” ती म्हणाली.

तो खाटेच्या कडेला बसला आणि तिने हात पांघरुणाबाहेर काढायची खटपट केली म्हणून त्याने तो काढून दिला. मग त्याचा बांध फुटला. मला कळलं होतं आई, तो म्हणाला, बघितल्याबरोबर कळलं होतं. तिने मान हलवली. माहितेय, ती म्हणाली, तू लहानपणापासून असाच, कळतं लगेच आणि उठतोस उशिरा. रागावली नव्हती. हे तिने दुधात साखर कमी आहे अशा आवाजात सांगितलं, आणि त्यामुळे ते त्याला जास्त लागलं. दाराखालच्या फटीतून वारा येत होता, जमिनीवर वाळूची बारीक रेघ साचली होती. त्याने उठून तिथे घोंगडी सारली. नको, ती म्हणाली, राहू दे, आता मला वळायचं कुठेय. मग काही वेळाने, डोळे मिटूनच, तिने ती गोष्ट काढली जी चार वर्षं काढली नव्हती. तुझी रेघ बरोबर आहे, ती म्हणाली, तुझा बाप तीस वर्षांपूर्वी म्हणायचा, पाणी या चुलीत येईल. मी काय मूर्ख आहे का रे? पण आपल्याला जिथून बाहेर जायचं ते दार आपण निवडावं, एवढंच माझं होतं. तू एकदा येऊन बसला असतास तर सांगितलं असतं. आन्सेल्म तिचा हात धरून बसून राहिला. त्याला जे ऐकायचं होतं ते अखेर ऐकायला मिळालं होतं, आणि त्याचा आता काडीचाही उपयोग नव्हता.

ओदिलला बोलावलं. ती आली, तिला दारातच समजलं, ती आधी त्याच्यावर चिडली, मग आईवर, मग चुलीपुढे बसून रडली आणि रडून झाल्यावर तिने रस्सा टाकला. दुसऱ्या दिवशी आई बरीच हुशारीत होती. तिला उशी लावून बसतं केलं, तिने दोन चमचे रस्सा घेतला आणि मीठ कमी म्हणून ओदिलला दोष दिला. संध्याकाळ व्हायच्या आत आन्सेल्मचा फोन वाजला. मादाम रूव्हिएर होत्या, दबक्या आवाजात, मागे माणसांचा गलका. प्रीफे साहेब आलेत, त्या म्हणाल्या, फीत कापली, सगळे उभे आहेत आणि तुमच्या तांबूरचं दार उघडत नाहीये. दोघांनी ओढून पाहिलं. तोडायचं तर नाही ना, काहीतरी युक्ती असेल. आईने विचारलं, कोण आहे. त्याने सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग पांघरूण हलू लागलं, आणि त्याला वाटलं कळ आली, पण ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईतो.

“सांग त्यांना,” ती म्हणाली, “गुडघ्याने जरा उचला म्हणावं. सरकार झालं तरी गुडघा द्यावाच लागतो.”

त्याने तसंच सांगितलं. फोनमधून लाकूड करकरल्याचा आवाज आला, तो आवाज त्याने हजारदा ऐकलेला, आणि मग टाळ्या. आईनेही तो ऐकला. उघडलं, ती म्हणाली, आणि उशीवर मान टेकली.

ती रविवारी पहाटे गेली, ओदिल आणि तो दोघेही जवळ असताना. समुद्र त्या दिवशी तापल्या माणसासारखा जोरात श्वास घेत होता. बातमी द्यायला कुणी वर टेकडीवर गेलं नाही. तरी दिवस वर आला तसे नव्या गावातून लोक उतरू लागले, जुन्या वाटेने, जे सभेत त्याला हसले होते तेही, काळ्या कोटांत. मादाम रूव्हिएर यांनी निरोप पाठवला होता की हवं तर तांबूर परत पाठवते, त्यांना आता कुणीतरी सांगितलं असावं. आन्सेल्मने नको कळवलं.

दाराशी येऊन माणसं थांबली. फिर्मांच्या हातात पहार होती, दुसऱ्या एकाच्या हातात मळसूत्रं सोडवायचे पाने, कुणाची बायको वाफाळती किटली घेऊन आली होती. हाताला सवय, दुसरं काय. फिकट चौकोनापुढे ते सगळे क्षणभर तसेच उभे राहिले, आणि आतून ओदिल बिस्किटाचा डबा घेऊन बाहेर आली, आणि डब्याकडे बघून परत आत गेली. मग चौघांनी पेटी उचलली. आन्सेल्म डोक्याकडे होता. पेटी पुढच्या खोलीतून सरळ निघाली, कुठे वळावं लागलं नाही, कुठे घासली नाही, उंबऱ्यावरून थेट उजेडात आली. फिर्मांने पहार भिंतीला टेकवली आणि टोपी काढली.